सर्कशीचा तंबू सीमा ओलांडतो तेव्हा : वाचकांची प्रश्नोत्तरे

तंबूंसाठी युरोपभर एकच मानक आहे म्हणतात. मग जर्मनीत पास झालेल्या तंबूची फ्रान्समध्ये पुन्हा तपासणी का होते?

कारण हिशेबाची रीत एक झाली, परवाना एक झाला नाही. 50 चौरस मीटरपेक्षा मोठ्या तात्पुरत्या तंबूंचं ईएन 13782 हे युरोपीय मानक (ईएन म्हणजे युरोपीय मानक) 2005 मध्ये आलं, 2015 मध्ये सुधारलं गेलं. वारा किती धरायचा, मेखा किती लागतात, हे त्यात आहे. पण त्याच्या जोरावर तंबूला सीई चिन्ह, म्हणजे वस्तू युरोपीय संघात सगळीकडे विकता येण्याची खूण, मिळत नाही. परवानगी प्रत्येक देशाच्या बांधकाम किंवा अग्निसुरक्षा कायद्याखालीच घ्यावी लागते.

जर्मनीत 75 चौरस मीटरपेक्षा मोठ्या तंबूला उभारणीचा परवाना आणि तपासणी-वही लागते. परवान्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, पुढे वाढवून घेता येते. कंपनी परदेशी असेल तर पहिला मुक्काम जिथे पडणार, तिथल्या बांधकाम खात्याकडे अर्ज करायचा. फ्रान्समध्ये तंबूंच्या सुरक्षेचा 23 जानेवारी 1985 चा आदेश चालतो. तिथे सुरक्षा-नोंदवही वेगळी, तिचा क्रमांकही वेगळा आणि तो कापडावर असावा लागतो. इटलीत 2007 च्या नियमांनुसार नगरपालिका ओळख-क्रमांक देते. थोडक्यात, एकाच तंबूची तीन दप्तरं.

युरोपीय संसदेने ऑक्टोबर 2005 मध्ये सर्कस हा युरोपच्या संस्कृतीचा भाग मानावा असा ठराव केला. दप्तरं मात्र वेगळीच राहिली. एका देशाची वही दुसऱ्या देशाने जशीच्या तशी स्वीकारावी, एवढं झालं तरी लहान सर्कशींचा मोठा खर्च वाचेल, असं आमचं ठाम मत आहे.

वाऱ्याचे आणि बर्फाचे आकडेही देशागणिक बदलतात का?

वाऱ्याचे बरेच जुळतात. मानकाच्या सोप्या पद्धतीत 28 मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे 100 किलोमीटर वारा धरतात. 5 मीटर उंचीपर्यंत दाब चौरस मीटरला 0.5 किलोन्यूटन (अंदाजे 50 किलो वजनाइतका), 5 ते 10 मीटरला 0.6, 10 ते 15 मीटरला 0.66. फ्रान्समध्येही ताशी 100 किलोमीटरच्या वर वारा गेला की तंबू रिकामा करावाच लागतो. प्रत्यक्षात त्याच्या बरंच आधी थांबायचं, आणि कधी ते त्या तंबूच्या वहीत लिहिलेलं असतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून "अजून थोडं बघू" म्हणण्याची सोय नाही. वारा सुटला की बाजूच्या कनाती आधी बंद करा. एक बाजू उघडी राहिली तर हवा आत शिरून छत खालून उचलते आणि मेखांवरचा ताण एकदम वाढतो.

बर्फाच्या बाबतीत मात्र गोंधळ आहे. थर 8 सेंटिमीटरच्या वर जाऊ देणार नाही अशी झाडायची व्यवस्था असेल, तर मानक चौरस मीटरला फक्त 0.2 किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे 20 किलो भार धरू देतं. फ्रान्सचा नियम सांगतो, 4 सेंटिमीटरपेक्षा जास्त बर्फ पडला आणि काढता आला नाही तर प्रेक्षक बाहेर. सीमेच्या दोन्ही बाजूंना तंबू तोच, पण हुकूम वेगळा. आमचा सल्ला : दोन्हींतला कडक आकडाच वहीत लिहा. पाण्याकडेही लक्ष हवं. सैल कापडात 2 सेंटिमीटर पाणी साचलं तरी तेच 20 किलो होतात, आणि वजनाने खळगा खोल होऊन आणखी पाणी येतं.

कागद सगळे बरोबर असूनही तंबू पडतात. का?

बहुतेक वेळा जमिनीमुळे. हिशेबात धरलेली माती आणि मैदानातली माती एक नसते. भरावाची, नांगरलेली किंवा पावसाने भिजलेली जमीन मेख सहज सोडते. म्हणून:

- तंबूच्या वेगवेगळ्या बाजूंना काही मेखा ठोकून भारमापक लावून ओढून पाहा. वहीतला भार येण्याआधी मेख हलली तर मेखा वाढवा, लांब घ्या किंवा काँक्रीटचं वजन लावा.
- ताणदोर मेखेला जमिनीलगत बांधा. वर बांधला तर तरफ होऊन मेख वाकते आणि भोक रुंदावतं.
- मेखा खेटून ठोकू नका. दोघींना मातीचा एकच गोळा धरून ठेवतो.
- पाऊस पडून गेल्यावर सगळे दोर पुन्हा ताणा.

काँक्रीटचं वजन वापरताना ते नुसतं उचललं जाणार नाही एवढंच पाहून भागत नाही. ओल्या डांबरावर ते आधी घसरतं.

सांगलीत आमचं ताडपत्रीचं काम आहे. युरोपातल्या गिऱ्हाइकाने "बी-वन" प्रमाणपत्र मागितलं. ते फ्रान्समध्ये चालेल का?

आपोआप चालेल असं समजू नका. कापड आगीला किती दाद देतं हे सांगणारे हे वर्ग आहेत : बी-वन हा जर्मन, एम-टू फ्रेंच, आणि इटलीचा "वर्ग 2" तिसराच. तिन्हींची चाचणी वेगळी. ईएन 13501-1 ही युरोपची सामाईक वर्गवारी आहे. त्यात "डी-शून्य" लिहिलेलं असेल तर कापडातून जळते थेंब पडत नाहीत, आणि डोक्यावर छत असताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तंबू कोणकोणत्या देशांत फिरणार ते गिऱ्हाइकाला आधी विचारा आणि कापड घेतानाच गिरणीकडून त्या सगळ्या चाचण्यांचे अहवाल मागा. अहवालावरचं वजन, लेप आणि रंग तुमच्या ताग्याशी जुळायला हवेत. ठिगळांसाठी त्याच ताग्याचं कापड सोबत पाठवा. दुसऱ्या कापडाचं ठिगळ लावलं की तेवढ्या भागाला प्रमाणपत्र लागू होत नाही, आणि तपासनीस नेमकं तिथेच बोट ठेवतो.