ती वेळ त्याची आहे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्याकडे थेरपीला येणारा पंधरा वर्षांचा मुलगा, अकरा सेशन झाली, तोंड उघडत नाही. दाराजवळची खुर्ची सोडत नाही, जॅकेटची चेन वर-खाली करत बसतो आणि नवव्या वेळी एकदम विचारतो, "तुम्हाला याचे पैसे मिळतात ना?" तू गडबडलास. आता मला विचारतोयस की ताई, पुढे काय करू? ईएमडीआर, ती डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आघाताच्या आठवणींवर काम करायची पद्धत, शिकून घेऊ, की त्याच्यावर जे गुदरलं त्या विषयालाच सरळ हात घालू?

आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, जाता जाता लिहावं तसं लिहिलंयस की त्याच्या सेशनचे मधले दोन गुरुवार तुझ्या कार्यशाळेमुळे बुडाले.

अरे, पत्र तिथून सुरू करायला हवं होतंस.

अपघातातून आलेला ट्रॉमा, म्हणजे मनावरचा खोल आघात, आणि तान्हेपणापासून घरातल्याच माणसांकडून झालेला हा ट्रॉमा यांतला फरक तुला शिकवलेला आहे. तरी पुन्हा सांगते, कारण तो विसरल्यासारखा वागतोयस. अपघात झालेल्या मुलाकडे अपघाताआधीचे दिवस असतात, त्यांच्याकडे त्याला परत जाता येतं. तुझ्या मुलाकडे 'आधीचं' असं काही नाही. तान्हं बाळ आपलं आपण शांत व्हायला शिकत नाही. ते रडतं, कुणीतरी उचलतं, छातीशी धरतं, श्वास संथ होतो. हे हजारदा झालं की मग कधीतरी ते शरीराला एकट्यानं जमू लागतं. ज्याला उचलायलाच कुणी आलं नाही, किंवा उचलणारा हातच मारणारा होता, त्याचं शरीर हे शिकलेलंच नसतं. ज्याच्याकडे धाव घ्यायची, भीती त्याचीच. मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन या संशोधकांनी 1980च्या दशकात अशा बाळांचं वर्णन केलं. ती आईकडे निघतात आणि मध्येच थिजतात, कुणी तोंड फिरवून पाठमोरं तिच्याकडे सरकतं. तुझा मुलगा दाराजवळ बसतो ते हेच. तो आलाय, आणि निघायच्या तयारीतही आहे.

त्याच्या फायलीत चार निदानं आहेत म्हणतोस. असणारच. चंचलपणा, उद्धटपणा, नैराश्य, झोपेची तक्रार, प्रत्येकाचं वेगळं लेबल. मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोक यांनी 2005 मध्ये या सगळ्याला 'डेव्हलपमेंटल ट्रॉमा डिसऑर्डर' असं एकच नाव सुचवलं होतं. 2013च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत, ते घेतलं गेलं नाही. 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीत, 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' हे पुन्हा पुन्हा झालेल्या आघाताचं निदान तरी आलं. या नावांवर तू मला दीड पान लिहिलंस आणि बुडालेल्या गुरुवारांवर एक ओळ. जखम माणसांच्या बेभरवशाची आहे. तिच्यावर औषध लावायचं तर ते भरवशाच्या माणसाच्या हातानंच लागेल. म्हणून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, त्याच खोलीत तू असलं पाहिजेस. ती वेळ त्याची आहे.

हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही. एका मुलीचं नुकसान करून शिकले.

मी तेव्हा तुझ्याएवढीच होते. ज्या संस्थेत काम करायचे तिथं तिसऱ्या सेशनपर्यंत केस हिस्टरी पूर्ण हवी असा नियम होता. मुलगी चौदा वर्षांची, बुधवारी चार वाजता यायची. दप्तर मांडीवर ठेवायची आणि त्याचा पट्टा मनगटाला तीन वेढे गुंडाळायची. मी गोड बोलून, धीर देऊन तिसऱ्याच वेळी तिच्याकडून सगळं काढून घेतलं. तिनं ते धडा वाचून दाखवावा तसं एका सुरात सांगितलं. डोळ्यांत टिपूस नाही. उठली तेव्हा पट्ट्याचे लाल वळ मनगटावर उठले होते. ते मला दिसले होते. तरी मी फायलीत लिहिलं, 'उत्तम प्रगती'.

पुढचा बुधवार ती आली नाही. त्यानंतरचाही नाही. वेटिंग लिस्ट मोठी होती, वरून विचारणा झाली, मी चारची वेळ दुसऱ्या मुलाला दिली. सातव्या बुधवारी बरोबर चार वाजता दार उघडलं. ती होती. तिनं तिच्या खुर्चीत बसलेल्या मुलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चुकून आले." दार हळूच लोटून गेली. मी उठून मागे जायला हवं होतं. मी उठले नाही, कारण समोर सेशन चालू होतं. ती पुन्हा कधीच आली नाही.

विषयाला हात घालण्याबद्दल तू विचारलंस त्याचं उत्तर यात आलं. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 मध्येच क्रम सांगून ठेवलाय: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि त्यांचा शोक, मग पुन्हा माणसांत येणं. टीएफ-सीबीटी या ट्रॉमावरच्या आखीव उपचारपद्धतीचे लोकसुद्धा, ज्यांची आखणी एरवी 12 ते 16 सेशनची असते, गुंतागुंतीच्या ट्रॉमासाठी ती 25 पर्यंत वाढवतात आणि त्यातली जवळजवळ निम्मी सेशन नुसती स्वतःला सावरायला शिकण्यात घालवतात. ईएमडीआर वाईट नाही, जरूर शिक. पण पायाखाली जमीन नसलेल्या मुलाला खोल पाण्यात उतरवायचं नसतं. आणि घाईच्या टोकाला काय असतं तेही ऐक. 2000 साली अमेरिकेत, कोलोरॅडोमध्ये, अटॅचमेंट, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाशी जडणारं नातं, दुरुस्त करण्याच्या नावाखाली दहा वर्षांच्या एका मुलीला चादरीत गुंडाळून वरून दाबून धरलं. 'पुनर्जन्म' म्हणत होते त्याला. ती श्वास घेता येत नाही म्हणून सांगत राहिली आणि गुदमरून गेली. तू तसलं काही करणार नाहीस, मला माहीत आहे. पण मूल नको म्हणत असताना 'त्याच्या भल्यासाठी' पुढे जायचं, ही सुरुवात तिथली आणि माझ्या त्या तिसऱ्या सेशनची सारखीच आहे.

तू विचारशील, मग अकरा सेशन मी केलं तरी काय? अरे, तो अकरा वेळा आला! पंधराव्या वर्षी कुणी पकडून आणून बसवत नाही. या वयात मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग अजून घडत असतो, विशीच्या मध्यापर्यंत घडतच राहतो, म्हणून उशीर झालाय असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. तो चेन वर-खाली करतो तेव्हा तो काम करतोय. तुझा चेहरा वाचतोय, कंटाळलास का, चिडलास का, घड्याळ बघतोयस का. त्याची चेन संथ झाली की तुझ्या लक्षात यायला हवं. पुढच्या पत्रात मला तेच लिहून पाठव. निदानं नकोत.

बुडालेल्या दोन गुरुवारांबद्दल त्याच्याशी बोल. सारवासारव नको. "मी दोन वेळा नव्हतो. तुला आधी नीट सांगितलं नाही, ती माझी चूक. तुला काय वाटलं असेल याचा मी विचार केला." एवढं म्हण आणि गप्प बस. तो खांदे उडवेल, "मला काय फरक पडतो" म्हणेल. पडू दे शांतता. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा 1978चा प्रयोग तुला आठवत असेल, आई काही मिनिटं निर्विकार चेहऱ्यानं बघत राहते आणि बाळ कासावीस होतं. त्याच माणसाच्या कामातून पुढे दिसलं की चांगल्या आया-बाळांचंही सूर जुळणं जेमतेम तिसरा हिस्सा वेळ असतं. बाकी वेळ चुकणं आणि सावरणं. चुकलेलं कुणी सावरतं, हे या मुलानं पाहिलेलंच नाही. ते त्याला तुझ्याकडून पहिल्यांदा दिसू दे.

पैशांबद्दल विचारलं तर "हो, मिळतात" असं सरळ सांग. खोटं त्याला वासावरून कळतं.

त्यानं तुझं पेन नेलं म्हणून तू व्यथित झालास. बालमनोविश्लेषक विनिकॉट यांनी 1956 मध्ये लिहिलंय की मुलाची अशी वागणूक ही आशेची खूण असते. जे आपलं होतं आणि हिरावलं गेलं, ते कुठंतरी मिळेल असं वाटल्याशिवाय मूल हात पुढे करत नाही. मला तर हे वाचून आनंद झाला. तुझी एक वस्तू सात दिवस त्याच्याकडे असते, आणि गुरुवारी ती घेऊन तो परत येतो.

एक गोष्ट मात्र आत्ता, वाट न पाहता. घरी त्याला अजून मार बसतोय का, तो स्वतःला इजा करतो का, जीव द्यायचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचार. कुठली गोष्ट तू गुप्त ठेवू शकणार नाहीस, हेही आधीच सांगून टाक. आजही मार चालू असेल तर थेरपीआधी तो थांबवणं, त्यासाठी जे कळवायचं तिथं कळवणं आणि मानसोपचारतज्ज्ञांना बरोबर घेणं. यात माझा संयम लागू नाही.

लोक मला हेकट म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. मी सेशन सोडून बैठकांना गेले नाही म्हणून विभागप्रमुखपद हातचं गेलं. न आलेल्या मुलाची वेळ तीन महिने रिकामी ठेवते म्हणून भांडणं झाली, शेवटी ती नोकरीच सोडली. हिशेब करणाऱ्यांचंही खरं होतं, बाहेर मुलं ताटकळत होती. माझ्या घरच्यांनीही सोसलं. माझ्या लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमांना मी नसायचे, आणि ती एकदा म्हणाली होती की तुझी बुधवारची मुलगी व्हायला हवं होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तरी पुन्हा वेळ आली तर मी ती खुर्ची रिकामीच ठेवेन. ते दार पुन्हा उघडेल आणि आत दुसरं कुणी असेल, हे मला दुसऱ्यांदा सोसणार नाही.

तर येत्या गुरुवारी वेळेच्या आधी दहा मिनिटं जाऊन बस. दाराजवळची खुर्ची आहे तशीच राहू दे, तुझी थोडी मागे घे. तो आला नाही तरी पूर्ण वेळ तिथंच थांब. फोन नाही, रिपोर्ट लिहिणं नाही. नंतर त्याला निरोप पाठव की मी होतो, पुढच्या गुरुवारीही असेन. पेन मागू नकोस.

मला फोन करायचा असेल तर कधीही कर, फक्त मंगळवारी पाच ते सहा नको. एक मुलगी येते. अजून खोलीत आलेली नाही, दारापर्यंत येते आणि उभी राहते.

तुझी,
ताई