जंगलाच्या रस्त्यावर अस्वल समोर आलं तर नेमकं काय करायचं?

सर, तुमचा प्रश्न वाचला. बुलढाणा जिल्ह्यात जंगलाला लागून असलेल्या गावात शाळेवर नेमणूक झालीय, रोज गाडीने आणि शेवटचा तुकडा पायी जावं लागणार, गावातले लोक अस्वलाचं सांगून घाबरवतायत, कोणी म्हणतं झाडावर चढा, कोणी म्हणतं मेल्याचं सोंग घ्या, तर खरं काय करायचं असं तुम्ही विचारलंय. मी त्याच पट्ट्यातला आहे. आमचं गाव ज्ञानगंगा अभयारण्याच्या खालच्या अंगाला, अर्धं वावर जंगलाच्या कडेलाच, त्यामुळे हे मी वाचून नाही, बघून आणि घरात भोगून सांगतोय.

आधी मुद्द्याचं सांगतो. जंगलाच्या वाटेनं जाताना आवाज करत जा. तुम्ही येताय हे अस्वलाला लांबूनच कळलं पाहिजे, बाकी झाड आणि सोंग वगैरे सगळं त्याच्या नंतरचं आहे. अस्वलाची नजर कमजोर असते, कानानेही ते काही फार तिखट नसतं, नाक मात्र जबरदस्त. आता वारा त्याच्याकडून तुमच्याकडे येत असेल तर त्याला तुमचा वास लागत नाही, आणि ते वारूळ उकरून वाळवी खात असलं तर स्वतःच्याच आवाजात इतकं गुंग असतं की तुम्ही दहा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. मग एकदम दोघं समोरासमोर. तुम्ही घाबरता, तेही घाबरतं, आणि घाबरलेलं अस्वल अंगावर येतं. त्याला आपल्याला खायचं नसतं, ते मुंग्या, वाळवी, मध, मोहफुलं, बोरं, टेंभरं, जांभळं यांच्यावर जगणारं जनावर आहे. पण हजारो वर्षं वाघाच्या जंगलात राहिलंय, पिल्लं पाठीवर घेऊन वाघापुढे पळून भागत नाही, झाडावर जावं तर तिथे बिबट्या येतो, म्हणून समोरच्याला आधी आपणच झोडपायचं आणि मग निघून जायचं ही त्याची रीत पडलीय.

माझ्या मोठ्या बाबांचं म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाचं सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. तुरीत रोही आणि डुकरं घुसायची म्हणून ते जागलीला जायचे, रात्रभर माळ्यावर बसायचं आणि उजाडायच्या आत घरी यायचं. थंडीचे दिवस, कानाला मफलर गच्च बांधलेला, अंगावर घोंगडी, एकटेच, नाल्याच्या काठाने चाललेले. नाल्याला वळण आहे तिथे रायमुनियाची म्हणजे घाणेरीची इतकी दाट झाडी माजलीय की पलीकडचा माणूस दिसत नाही, आणि अस्वलं दिवसा आराम करायला नेमकी अशीच जागा बघतात. ते वळले आणि अस्वल पुढ्यात. ते मागे फिरून पळाले, दगडाची ठेच लागून पडले, आणि अस्वल अंगावर आलं. त्यांनी उताणं होऊन दोन्ही हातांनी त्याला ढकलायला बघितलं, आणि तिथेच घात झाला, सगळा मार तोंडावर आला. शेजारच्या वावरात जागलीला असलेले दोघं जर्मनचा डबा वाजवत, ओरडत धावले तेव्हा ते सोडून गेलं. एवढं सगळं व्हायला दोन मिनिटंही लागली नसतील.

डावा डोळा गेला, गालाचं हाड गेलं. बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून पुढे अकोल्याला, दोन-तीन ऑपरेशनं झाली. आजही ते एका बाजूनेच घास चावतात, लग्नाकार्यात पंगतीला बसत नाहीत, घरी ताट आणून द्यावं लागतं. गावात लहान पोरं त्यांच्याकडे बघून बिचकायची तेव्हा मला आतून तुटल्यासारखं व्हायचं. पण ते स्वतः कधीच अस्वलाला शिवी देत नाहीत. मला एकदा म्हणाले, "त्याची चूक नाही बापू, मी मुकाट गेलो. आवाज करत जाय, त्याले आयकू येऊ दे, मंग ते आपोआप बाजूले होते." हे वाक्य मी विसरलो नाही आणि त्याच वाक्यानं पुढे माझा जीव वाचला असं मी मानतो.

माझ्यावर वेळ आली ती मार्च संपता संपता. उन्हाळी भुईमुगाला पाणी देणं चालू होतं, आमच्याकडे शेतीची लाईन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी मिळते, तो आठवडा रात्रीचा होता. पहाटे लाईन गेली, मी पाईप गुंडाळून ठेवले आणि बॅटरी घेऊन निघालो. थोडं चाललो तर आवाज यायला लागला, आधी फू फू करून कोणी फुंकतंय आणि मग सुर्रकन काहीतरी ओढतंय, अगदी लोहाराचा भाता चालू असल्यासारखा. मला आधी वाटलं कुणाचा पाईप फुटलाय आणि हवा सुटतेय. ते वारूळ खाणाऱ्या अस्वलाचं फुंकणं होतं. अस्वलाला वरच्या मधले पुढचे दोन दात नसतात, ते नाकपुड्या बंद करतं, ओठांची नळी करून आधी माती फुंकून उडवतं आणि मग वाळवी ओढून घेतं, रात्रीच्या शांततेत हा आवाज शंभरेक मीटरवरूनही येतो. सर, हा आवाज लक्षात ठेवा, तो आला की पुढे जायचंच नाही, तिथूनच मागे फिरायचं.

मला तेव्हा तो ओळखू आला नाही, मी आणखी पुढे गेलो आणि बॅटरीचा उजेड तिच्यावर पडला. पंधरा-वीस पावलांवर मादी, आणि तिच्या मागे दोन पिल्लं. आमच्या भागात पिल्लं साधारण थंडीत होतात, उन्हाळा लागताना आईच्या पाठीवर बसून बाहेर हिंडायला लागतात, तिच्या पाठीवरच्या लांब केसांना धरून बसतात. म्हणजे याच दिवसांत मादी सगळ्यात जास्त सावध असते. ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. माझ्या पोटात खड्डा पडला, पळ पळ असं सगळं अंग सांगत होतं, पण मोठ्या बाबांचा चेहरा डोळ्यासमोर आला आणि मी पाठ फिरवली नाही. (नंतर कळलं की अस्वल उभं राहतं ते नीट वास घ्यायला आणि बघायला, उभं राहिलं म्हणजे लगेच अंगावर येणार असं नसतं.) मी बॅटरी जमिनीकडे केली आणि हळू आवाजात बोलायला लागलो, काय बोललो ते धड आठवत नाही, "जाय माय, जाय" असंच काहीतरी बोलत होतो आणि एकेक पाऊल मागे सरकत होतो. ती चार-पाच पावलं जोरात हुफ्फ करून धावून आली आणि थांबली. मी तसाच बोलत मागे. एक पिल्लू पाठीवर चढलं, दुसऱ्याला नीट चढता येईना, ते लोंबकळत राहिलं, आणि तसंच त्यांना घेऊन ती रायमुनियात शिरली. मी बांधावर बसलो तर हात थरथरायचे थांबेनात.

आता तुमच्या झाडाबद्दल. झाडावर चढून काही होत नाही, अस्वल मधासाठी आपल्यापेक्षा चांगलं झाडावर चढतं. पळून तर अजिबात नाही, दिसायला बोजड वाटतं पण माणसापेक्षा जोरात धावतं. आमच्याकडे एक समज आहे की उताराने पळायचं म्हणजे त्याचे केस डोळ्यावर येतात आणि त्याला दिसत नाही, हे कृपा करून कोणाचं ऐकू नका, आधीच त्याला कमी दिसतं, ते नाकाने काम भागवतं, आणि उतारावर ठेच लागून पडणार कोण तर आपण.

मेल्याच्या सोंगाबद्दल जरा नीट सांगतो कारण त्यात अर्धं खरं आहे. अस्वल लांब आहे, अजून अंगावर आलेलं नाही, तेव्हा खाली पडायचं काही कारण नाही, हळूहळू मागे व्हायचं, त्याला जायला वाट मोकळी ठेवायची, त्याच्या आणि पिल्लांच्या मध्ये कधीच यायचं नाही. पण ते खरोखर अंगावर आलंच, आता धक्का बसणार असं झालं, तर पटकन पालथं पडायचं. पालथं, उताणं नाही. तोंड जमिनीत, दोन्ही हात मानेच्या मागे बोटांत बोटं अडकवून घट्ट, कोपरं कानाशी, पाठीवर दप्तर किंवा सॅक असेल तर ती काढायची नाही, तीच ढाल होते. ते उलथवायला बघेल, परत पालथं व्हायचं. मांडीला खांद्याला लागेल, लागू द्या, टाके घालता येतात, चेहरा आणि मान वाचली पाहिजे. अस्वलाची नखं बोटाएवढी लांब असतात, वारूळ फोडायची हत्यारं आहेत ती, चेहऱ्यावर बसली तर काय होतं ते मी रोज घरात बघतो. आणि ते सोडून गेल्यावर लगेच उठायचं नाही, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत पडून राहायचं. सोबत माणसं असतील तर त्यांनी पळून जाऊ नये, एकत्र येऊन ओरडावं, डबे काठ्या वाजवाव्या, मोठे बाबा जिवंत आहेत ते त्या दोघांमुळे.

मला वाटतं आपल्या मनातलं अस्वल अजून दरवेशाचंच आहे. आम्ही लहान होतो तेव्हा दरवेशी गावात अस्वल घेऊन यायचे, नाकात दोरी, दात पाडलेले, माझी आजी मला त्याच्या पाठीवर बसवायची की पोराची भीती जाईल, आणि त्याचा केस ताईतात घालायची. त्या मुक्या जीवाचे किती हाल केलेले असायचे हे तेव्हा कोणालाच कळत नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अस्वलाला संरक्षण मिळालं तरी हा प्रकार बरीच वर्षं चालला, २००९ च्या आसपास तो देशातून जवळजवळ बंद झाला. पण ते गरीब अस्वल बघितलेली पिढी रानातल्या अस्वलालाही तसंच समजते, दिसलं की जवळ जाऊन दगड मारते, मोबाईलवर व्हिडिओ काढायला मागे धावते. याची मला फार चीड येते. २०१९ ला यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालून एक वाघ आमच्या ज्ञानगंगेत आला तेव्हा केवढी चर्चा झाली, पण इथे वावरात जाणाऱ्या माणसाला विचारा, तो वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितो, आणि अस्वलाबद्दल त्याला नीट समजावून सांगायला मात्र कोणी येत नाही.

देव न करो पण कोणाला लागलंच तर जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवायची, स्वच्छ कपडा दाबून धरायचा, १०८ ला फोन. हळद, चुना, माती काहीही भरायचं नाही. आणि दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनसोबत रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं सिरम याचंही विचारा, जंगली जनावर चावलं ओरबाडलं तर ते लागतं, बऱ्याच लोकांना वाटतं ते फक्त कुत्र्यासाठी असतं. वनविभागाला १९२६ वर लगेच कळवा, कारण पंचनामा झाला तरच सरकारी मदत मिळते, आणि दवाखान्याचा एकेक कागद जपून ठेवा.

तुमच्या रस्त्याचं म्हणाल तर गाडीवर असताना फार काळजी नको, आवाजानंच ते बाजूला होतं, फक्त वळणावर वेग कमी ठेवा, अस्वल रस्त्यात दिसलं तर लांब थांबा आणि त्याला जाऊ द्या, हॉर्न दाबत गाडी जवळ नेऊ नका. पायी तुकडा असेल तिथे काठीला घुंगरू बांधा, मी बैलांच्या जुन्या घुंगरमाळेतले दोन काढून बांधलेत. कानात हेडफोन अजिबात नको. अगदी पहाटे आणि दिवस मावळताना एकटं निघू नका, एप्रिल-मे मध्ये मोहाच्या झाडाखालून आणि पाणवठ्याजवळून जाताना विशेष सांभाळा, रानात पाणी आटलं की ते विहिरी-टाक्यांकडे येतात.

आणि शाळेत गेल्यावर पहिल्याच दिवशी पोरांना विचारा, कोणत्या नाल्यात वारुळं जास्त आहेत, कोणत्या कपारीत यंदा पिल्लं आहेत, ते तुम्हाला बोट करून दाखवतील, त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. लांबच्या वस्तीवरून पायी येणारी मुलं असतील तर त्यांना एकेकटं येऊ देऊ नका, विशेषतः उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की, कारण ती वेळ नेमकी अस्वलं परत फिरायची असते. आमचे गुरुजी आम्हा वस्तीवरच्या पोरांना घोळक्यानं यायला लावायचे आणि वाटेत मोठ्यानं पाढे म्हणायला सांगायचे, बेपासून सुरू करायचं. नाल्याच्या त्या वळणावर यायचो तेव्हा आमचा एकोणतीसचा पाढा चालू असायचा, आणि आम्ही तो सगळ्यात जोरात म्हणायचो.