हळदीची कंदकूज : जात बदलून किती फरक पडेल?

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील काही हळद उत्पादकांनी विचारले आहे की, सेलम जातीत सलग दोन वर्षे कंदकूज येत असून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करूनही (म्हणजे द्रावण झाडाच्या मुळाशी ओतूनही) ती थांबत नाही, तर कूज न लागणारी जात कोणती?

उत्तर : कंदकूज अजिबात न लागणारी जात आम्ही सुचवू शकत नाही. कोझिकोड येथील भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेच्या सुगुणा व सुदर्शना या जाती शेतात या रोगापुढे बऱ्यापैकी तग धरतात आणि सुमारे १९० दिवसांत काढणीस येतात. सेलमला साडेआठ ते नऊ महिने लागतात. मात्र लवकर येणारी जात रोगातून सुटते असा हिशेब धरू नये, कारण भर पावसाळ्यात, म्हणजे रोगाच्या ऐन काळात, दोन्ही जाती शेतात उभ्याच असतात.

आपल्या अडचणीचे मूळ मला जातीपेक्षा औषधात आणि पाण्यात दिसते. कंदकूज प्रामुख्याने पिथियम या बुरशीमुळे होते, तिचे बीजाणू साचलेल्या पाण्यातून पोहत मुळांपर्यंत जातात, आणि या बुरशीवर कार्बेन्डाझिम चालतच नाही. खालच्या पानांच्या कडा वाळू लागताच बुंधा धरून हलकेच ओढून पाहावा. तो सहज हातात आला, तळाशी पाणचट तपकिरी दिसला आणि गड्डा दाबल्यावर मऊ लागून कुजका वास आला, तर ते झाड मातीसह काढून शेताबाहेर नष्ट करावे. सरीतील पाणी काढून द्यावे व वाफसा येताच भोवतालच्या झाडांना मेटॅलॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे संयुक्त बुरशीनाशक २.५ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात आळवणीद्वारे द्यावे. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी त्यातच मिसळू नये.

पुढील लागवडीस त्याच रानात हळद किंवा आले घेऊ नये, काळ्या जमिनीत गादीवाफे करावेत आणि निरोगी प्लॉटमधीलच बेणे मॅन्कोझेबच्या द्रावणात (३ ग्रॅम प्रति लिटर) ३० मिनिटे बुडवून सावलीत सुकवावे. उसने आणलेले बेणे स्वस्त पडते, पण रोगही त्याच पोत्यातून येतो.

सुगुणा घ्यायचीच असेल, तर पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांवर, सेलमच्या शेजारी आणि त्याच पाणीपाळीवर लावावी, व सप्टेंबरमध्ये दोन्हींतील कुजलेली झाडे मोजून मगच पुढचे क्षेत्र ठरवावे.