वडिलांची कमरेची गादी सरकली आहे. पायातील कळ कमी झाली, पण बधिरपणा आहे. ऑपरेशन टाळता येईल का?

कळ कमी झाली म्हणजे नस मोकळी झाली, असे तुमच्या घरातील थोरली मंडळी म्हणतात असे तुम्ही लिहिले आहे. हेच वाक्य आमच्या घरात मामांनी इतक्या वेळा ऐकवले आहे की उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले कापूस उत्पादक. माझे थोरले बंधू ऐन फवारणीच्या दिवसांत पाठीवर भरलेला पंप घेताना कमरेत धरले गेले आणि कळ मांडीमागून पोटरीवाटे थेट अंगठ्यापर्यंत उतरू लागली. मामांनी आधी एका पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेतला, मग शेजारच्या गावातील नस बसवणाऱ्याकडे नेले. काही आठवड्यांनी कळ खरोखरच ओसरली. परंतु धुऱ्यावरून चालताना भाऊंच्या डाव्या पायातील चप्पल मागे राहून जाई आणि त्यांना ते कळतही नसे. पायरी चढताना ते गुडघा उगीचच उंच उचलत. हे मी दाखवून दिले, तेव्हा मामा म्हणाले, "दुखत नाही ना आता? मग झालं."

झाले नव्हते. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी सरकली की बहुधा एल-५ ही नस दबते, आणि घोटा व अंगठा वर उचलण्याचे काम मुख्यतः तिच्याकडे असते. नस दबलेली असताना वेदना कमी होत जाणे आणि ताकद जात राहणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. म्हणून कळ किती आहे यापेक्षा पाऊल किती उचलते हे पाहावे. सर्जननी भाऊंना टाचांवर चालायला सांगितले, तेव्हा डाव्या पायाची बोटे जमिनीवरून सुटलीच नाहीत. ऑपरेशननंतर पायातील उरलीसुरली कळ गेली, पण घोट्याची ताकद अर्धवटच परतली आणि ते आजही पावलाला आधाराची पट्टी लावतात. मामा अजूनही लग्नाकार्यात सांगतात की ऑपरेशनने पाय लुळा झाला. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीच्या कागदावर "फूट ड्रॉप", म्हणजे पाऊल वर न उचलणे, असे स्पष्ट लिहिलेले आहे आणि तो कागद मी जपून ठेवला आहे.

तुमच्या प्रश्नापुरते सांगायचे तर बहुसंख्य रुग्ण ऑपरेशनशिवाय, साधारण ६ ते १२ आठवड्यांत बरे होतात, आणि बाहेर आलेला गादीचा भाग पुष्कळदा आपोआप आक्रसतो. ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्या एमआरआयमध्येही सरकलेली गादी दिसते, त्यामुळे केवळ फिल्म पाहून कोणी ऑपरेशन सुचवत असेल तर दुसरे मत घ्यावे. वडिलांना आजच टाचांवर चालता येते का, आणि चवड्यांवर उभे राहता येते का, ते पाहा. दुसऱ्या चाचणीत पोटरी कमजोर आढळल्यास बहुधा एस-१ ही नस दबलेली असते. यांपैकी काही जमत नसेल, किंवा जमत होते ते आता जमेनासे झाले असेल, तर सोयाबीन निघेपर्यंत थांबू नका. लघवी अडणे, ती नकळत होणे किंवा बैठकीच्या जागी बधिरता येणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळच्या एसटीची वाट न पाहता रात्रीच १०८ ला फोन करून जिथे मणक्याचे ऑपरेशन होते अशा मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण या लक्षणांत तासांचा हिशेब असतो. अशा वेळी कंबर चोळून घेण्याचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकाचे वय आणि मान कितीही मोठा असो, त्याला अंगणातच थांबवावे.

मी डॉक्टर नाही. शिवाय वडिलांना मधुमेह असेल आणि बधिरपणा दोन्ही तळपायांत सारखाच असेल, तर त्याचे कारण गादी नसून साखर असू शकते, तेव्हा रक्ततपासणीही करून घ्यावी.