मात्रा चालत नाही

प्रश्न : ‘त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही’ यातली मात्रा काना-मात्रेतलीच का?

उत्तर : मूळ एकच, संस्कृतातलं माप. पण इथली मात्रा वैद्याची, म्हणजे औषध. माझ्या आजीच्या फडताळात हेमगर्भाची मात्रा असे; पारा, गंधक, सोनं घालून केलेला इवलासा टणक गोळा. दुखणाईत गार पडू लागला की सहाणेवर आल्याच्या रसात वळसे मोजून उगाळायची नि मधातून चाटवायची. (हौसेनं घरी करू नका, पारा आहे त्यात!) तीही लागू पडली नाही, की वैद्यबुवा हात टेकत. वाक्प्रचारातली हतबलता ही. डॉक्टरी मराठीत ‘मात्रा’ म्हणजे डोस. तिथे शब्द पुन्हा मापाकडे वळलाय. ‘मात्रा लागू पडली’ मात्र अजून बोलण्यात आहे, बहुधा हट्टी पोरांच्या बाबतीत.