प्लगचे आटे गेले म्हणून एफडी मोडायची का?

भांडुपच्या एका वाचकाचा लांबलचक मेल आलाय, थोडक्यात सांगते. गाडी एप्रिल 2015ची वॅगन-आर, पेट्रोल, तीन सिलिंडर. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांनी स्वतःच स्पार्क प्लग बदलायला घेतले, दोन व्यवस्थित बसले, मधला तिरका गेला, तो घट्ट लागतोय म्हणून पान्यावर जोर लावला आणि हेडमधले, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातले, आटेच गेले, आता प्लग नुसता गोल गोल फिरतो. सर्व्हिस सेंटरने नवीन हेड सांगितलं, मजुरीसकट 46,000. कुर्ल्यात एकजण जुनं हेड 11,000ला देतोय. गल्लीतला गॅरेजवाला म्हणतो हेलिकॉइल मारून देतो, म्हणजे आहे त्याच हेडमध्ये नवीन आटे, 3,500. एक डीलर गाडी आहे तशी 85,000ला उचलतो म्हणतोय, चालू असती तर 1,90,000 दिले असते असंही तोच म्हणाला. मित्र म्हणतो इन्शुरन्समध्ये टाक, मेहुणे म्हणतात आता नवीनच घ्या. पगार हातात 62,000, घराचा हप्ता 24,000, अडीअडचणीसाठी दीड लाखाची एफडी, महिना पाच हजारांची एसआयपी. आणि मेलच्या अगदी शेवटी एक ओळ, की बायकोला अजून सांगितलेलं नाही, तर 46,000 क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर टाकून मोकळा होऊ का.

दादा, मोकळे नाही होणार, वर्षभर अडकाल. पण ते नंतर. आधी एक काम करा, त्या प्लगवर कॉइल (ठिणगीसाठी प्लगला वीज देणारा भाग) लावून "बघू तरी चालू होते का" असं अजिबात करू नका. आटे धरत नसलेला प्लग कॉम्प्रेशनच्या दाबाने बाहेर उडू शकतो, मग कॉइलचाही खर्च आला. गाडी जागेवरच राहू दे. गॅरेजपर्यंत न्यायची वेळ आली तर पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का बघा, टोइंग त्यातून होतं आणि बहुतेक पॉलिसींत तो क्लेम धरत नाहीत, म्हणजे नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जागेवर राहतो.

इन्शुरन्सचं आधी संपवून टाकू कारण तिथे मिळणार काहीच नाही. गाडीची साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी बाहेरून झालेल्या अपघाती नुकसानाला असते, मेकॅनिकल ब्रेकडाउन आणि झीज त्यातून स्पष्ट वगळलेली असते, आणि आपल्याच हाताने पाना फिरवताना गेलेले आटे म्हणजे अपघात, असं कुठलाही सर्व्हेअर मानणार नाही. "पण माझ्याकडे इंजिन प्रोटेक्शन आहे" असं बरेच जण म्हणतात. ते कव्हर मुख्यतः पाणी शिरून इंजिन लॉक होणं किंवा ऑइल गळून इंजिन जाणं यासाठी असतं. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला होता, तसल्या दिवशी पाण्यात स्टार्टर मारला की जे होतं ना, त्याच्यासाठी, आणि इतक्या जुन्या गाडीला ते बहुतेक कंपन्या देतच नाहीत. मित्र म्हणतो तसं "खड्ड्यात आपटली" वगैरे सांगायचं तर ती सरळ सरळ फसवणूक आहे, क्लेम नाकारला जाईल तो जाईलच, वर पुढच्या रिन्युअलला प्रश्न. आणि समजा सगळं खरं असतं आणि क्लेम पास झाला असता तरी हिशोब बघा, दहा वर्षं उलटलेल्या गाडीच्या धातूच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात, त्यावर छोट्या गाडीचे 1,000 रुपये कंपल्सरी डिडक्टिबल (दर क्लेमला आपल्याच खिशातून जाणारी रक्कम), आणि तुमचा 50 टक्क्यांचा नो क्लेम बोनस शून्यावर. त्यामुळे ते डोक्यातून काढा.

आता खरा प्रश्न. तुम्ही तीन कोटेशन एकाच कामाची समजताय, 46 की 11 की साडेतीन, आणि महाग तेवढं भरवशाचं असं धरून चाललाय. ही तीन वेगळी कामं आहेत. हेलिकॉइलमध्ये हेड उतरवतच नाहीत. खराब आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) मोठे कापतात, त्यात स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवतात आणि नवीन प्लग त्या गुंडाळीत जातो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टीलचे आटे आले म्हणजे नीट बसवलं तर पूर्वीपेक्षा दणकट. याच जातीतला भरीव बुश पण मिळतो, थोडा महाग पडतो, प्लगसाठी मला तो जास्त पटतो कारण पुढच्या वेळी प्लग काढताना गुंडाळी सोबत बाहेर येण्याची भीती नसते. गॅरेजवाल्याला विचारा बुश बसवतो का, हजार-दीड हजार जास्त मागितले तरी द्या.

जुन्या हेडचे 11,000 हा नुसता हेडचा भाव आहे, आणि इथेच लोक फसतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून हेड आणलं की ते प्रेशर टेस्ट करून घ्यायला हवं, कुठे बारीक चीर असेल तर घरी आणून काय उपयोग, मग फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), व्हॉल्व्ह घासणं, गास्केट सेट, नवीन हेड बोल्ट, टायमिंग चेन सोडून परत लावायची मजुरी, कूलंट, ऑइल. तुम्हीच पाठवलेल्या गॅरेजच्या रेटने मी जोडलं तर 28,000च्या आसपास जातं. म्हणजे 11 नाही, 28. आणि कुर्ल्यातल्या त्याच माणसाने अख्खं इंजिनच घ्या म्हणून जो ऑफर दिलाय ना 35,000चा, त्याला हात लावू नका. हेड बदललं तर आरसीवर काही फरक पडत नाही, पण ब्लॉक (इंजिनचा खालचा मुख्य भाग) बदलला की इंजिन नंबर बदलतो, तो मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओत नोंदवावा लागतो, इन्शुरन्सला कळवावा लागतो, आणि ते इंजिन कुठल्या गाडीतून आलंय याचा कागद तुमच्याकडे नसेल तर उद्या पोलिसांना उत्तर तुम्ही द्यायचंय.

बरं, हेलिकॉइल फसली तर? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आकड्यातच देते. हेलिकॉइलचे 3,500, तीन नवीन प्लग, ऑइल आणि फिल्टर, कॅमेऱ्याने सिलिंडर तपासणं, सगळं मिळून 6,500 धरा. फसलं तर वर जुन्या हेडचे 28,000. अगदी घाबरट अंदाज घेऊया की चारातला एक प्रयत्न फसतो, तर सरासरी खर्च येतो 6,500 अधिक 28,000चा चौथा हिस्सा, म्हणजे 13,500. तरीही थेट हेड बदलण्याच्या निम्म्याहून कमी. थेट हेड बदलणं स्वस्त पडायला चारातले तीनहून जास्त प्रयत्न फसायला हवेत, आणि बरा कारागीर इतका वाईट नसतो. वर हेलिकॉइल फसली तरी हेडचा रस्ता बंद होत नाही, उलट आधी हेड बदललं तर ते 28,000 गेले ते गेलेच.

मात्र या हिशोबाला एक अट आहे. आटे कापताना ॲल्युमिनियमचा कीस पडतो, तो सिलिंडरमध्ये गेला आणि कोणी न काढता सेल्फ मारला तर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे, आणि मग हेड नाही, अख्ख्या इंजिनच्याच कामाची वेळ येऊ शकते. त्यामुळे घासाघीस करायची ती मजुरीवर करू नका, तिथे उभे राहून काम बघा. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलेलं पाहिजे म्हणजे कीस त्याला चिकटून वर येतो, दर दोन-तीन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसला पाहिजे, नंतर बारीक नळी लावून व्हॅक्यूमने ओढलं पाहिजे आणि शेवटी कॅमेरा आत घालून तुम्हाला मोबाइलवर दाखवलं पाहिजे. "काही होत नाय साहेब, एक्झॉस्टमधून उडून जातं" म्हणणारा भेटला तर चहा पिऊन परत या, भांडुपपासून ठाण्यापर्यंत लेथवाले आणि गॅरेजवाले कमी नाहीत. नवीन प्लग आणि गास्केटसाठी ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे चौकशी करा, तिथे बऱ्याचदा भाव बरा लागतो, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, तेव्हा कोणी जुन्या रेटचं बिल पुढे केलं तर विचारा.

विकायचं म्हणताय तर डीलरचेच दोन आकडे शेजारी ठेवा. 1,90,000 वजा 85,000, म्हणजे 1,05,000 तो कापतोय, साडेसहा हजारांच्या कामासाठी. तो काय करणार? तुमच्याकडून गाडी उचलून संध्याकाळी हेच हेलिकॉइल मारून घेणार. तुमची भीती हा त्याचा नफा आहे. विकायचीच असेल तर दुरुस्त करून, चार आठवडे चालवून मग विका आणि घेणाऱ्याला सांगून विका. एवढं मात्र खरं की त्याच सप्टेंबरमध्ये नवीन छोट्या गाड्याही जीएसटी कमी झाल्याने स्वस्त झाल्यात, त्यामुळे जुन्या गाड्यांचे भाव दबलेत, 1,90,000 सहज मिळतील असं धरून बसू नका.

आणि मेहुण्यांची नवीन गाडी. सहा लाखांचं कर्ज पाच वर्षं 9 टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साडेबारा हजारांच्या जवळ. घराचे 24,000 धरून साडेछत्तीस हजार, म्हणजे हातात येणाऱ्या पगारातले शंभरातले 59 रुपये हप्त्यात. हप्ते मेहुणे भरणार असतील तर जरूर घ्या. तुम्हीच लिहिलंय की गाडी लागते ती आईला गुडघ्याच्या फिजिओला न्यायला आणि गणपतीत गावी जायला. एवढ्या वापराला ही गाडी पुरेशी आहे. आरसीची पंधरा वर्षं एप्रिल 2030ला भरतात, दिल्लीसारखी बंदी आपल्याकडे नाही, फिटनेस पास झाली की पर्यावरण कर भरून पाच वर्षांचं रिन्युअल मिळतं. म्हणून माझी मर्यादा अशी की या गाडीच्या इंजिनवर 30,000 पर्यंत खर्च करायला माझी हरकत नाही, 46,000 करायला आहे. उरलेल्या चारेक वर्षांवर ते 46,000 पसरले तर वर्षाला अकरा-बारा हजार नुसते एका प्लगच्या भोकाचे होतात.

आता पैसे कुठून. साडेसहा हजारांना एफडी मोडायचा प्रश्नच येत नाही, या महिन्याच्या पगारातून जातील, फारतर एक बाहेरचं जेवण आणि एखादी ऑनलाइन खरेदी पुढे ढकला. एसआयपी चालू ठेवा. पुढे खरंच 28,000 लागले तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून लागेल तेवढी उचल) घ्या, बँका साधारण एफडीच्या व्याजापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त लावतात, तेही वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतं, आणि इकडे एफडीचं व्याज चालूच राहतं. मोडली तर मुदतीआधीचा दंड अर्धा ते एक टक्का आणि व्याजही ठेवलेल्या दिवसांच्या दराने.

कार्डाचा ईएमआय मात्र नको. 46,000 बारा महिन्यांना 15 टक्क्यांनी घातले तर हप्ता साधारण 4,150, वर्षाचं व्याज 3,800च्या पुढे, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, वर प्रोसेसिंग फी, म्हणजे सुमारे 51,000 मोजून हातात येणार नवीन हेड, जे तुम्हाला बहुधा लागणारच नाही. तुम्ही हा पर्याय निवडताय तो स्वस्त आहे म्हणून नाही, घरात कळू नये म्हणून. पण महिन्याला 4,150 घराच्या हिशोबातून गायब झाले तर ते कळणारच, आणि तेव्हा प्लगचं नाही, लपवण्याचं भांडण होईल. "मेकॅनिकला दे" असं तुमची बायको आधीच म्हणाली होती ना, मग ऐकून घ्या थोडं. साडेसहा हजारांचं ऐकणं 46,000च्या ऐकण्यापेक्षा कितीतरी सोपं.

स्वतः काम करणं सोडा असं मी म्हणणार नाही. हवेचा फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, बॅटरीचे टर्मिनल हे खुशाल करा, तिथे चुकलं तर शंभर-दोनशेत निपटतं. प्लगसाठी इंजिन पूर्ण थंड पाहिजे, प्लगच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून हातानेच फिरवायचा, आधी उलटा फिरवून आटा बसल्याची टिक लागली की मग सुलटा, आणि नळी घसरायला लागली म्हणजे तिरका गेलाय, तिथेच थांबायचं. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने). प्लगच्या मजुरीत पाच-सहाशे वाचतात, हेडला हात लागला की 28,000, त्यामुळे पाना घेण्याआधी त्या कामात चुकलं तर काय जातं एवढं बघत जा.

तर शनिवारी बुशवाल्याकडे जा. काम झालं की तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायला सांगा आणि आकडे बिलावरच लिहून घ्या, सोबत "मधला सिलिंडर, आटे बुश" आणि तारीख, कच्चं बिल असलं तरी चालेल. मधला आकडा बाकी दोघांपेक्षा दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठाण्यापर्यंत दोन-तीन चकरा मारा, प्लगजवळून फुस्स आवाज किंवा जळका वास येतोय का बघा, नाही आला तर गणपतीला निघा. दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर हेड घेण्याआधी ते तीन आकडे मला पाठवा, कारण मग गडबड आट्यांची नसून व्हॉल्व्हची किंवा रिंगची असू शकते आणि 28,000चा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.