ताम्हिणीसाठी जुनी सायकल: रंगाआधी ब्रेक आणि चाके

तुमचा प्रश्न असा आहे: दहा हजार रुपयांत जुनी सायकल घ्यायची, ती स्वतः दुरुस्त करायची आणि डिसेंबरात कोथरूडहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला जायचे. तुमच्यासमोर दोन सायकली आहेत. एक आजोबांच्या काळातली, दांड्यांच्या ब्रेकची २८ इंची काळी सायकल अडीच हजारांना मिळते आहे, आणि दुसरी, ऐंशीच्या दशकातली केबल ब्रेकची २६ इंची सायकल साडेतीन हजारांना. यांपैकी कोणती घ्यावी आणि रंगकामासाठी किती पैसे राखून ठेवावेत, असे तुम्ही विचारले आहे. या प्रवासासाठी दुसरी घ्यावी, आणि रंगकामासाठी यंदा काहीही राखून ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे सविस्तर लिहितो, कारण पैसा कुठे घालायचा हे त्यांतूनच ठरते.

काळ्या सायकलीवर माझे मनापासून प्रेम आहे. वडिलांच्या २८ इंची हर्क्युलिसवर मी बार्शी, पंढरपूर, सोलापूर हा सारा मुलूख हिंडलो आहे, आणि दोन चाकांमधले लांब अंतर व पुढे झुकलेला चिमटा (पुढचे चाक धरणारा भाग) यांमुळे खराब रस्त्यावरही इतकी शांत चालणारी दुसरी सायकल मी पाहिलेली नाही. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांतील आदी हकीम, जाल बापसोला व रुस्तम भुमगरा या तिघांनी तो १९२८ साली पूर्ण केला, तेव्हा आजच्यासारख्या हलक्या सायकली कुणाजवळच नव्हत्या. तेव्हा जड सायकलीवर लांबचा प्रवास होत नाही, असे मी म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो उताराचा. दांड्यांच्या ब्रेकमध्ये रबराचे ठोकळे रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे स्पोकच्या बाजूने दाबले जातात. पकड मुळात बेताची, त्यात दांड्यांच्या प्रत्येक जोडात थोडी थोडी ढील असते, आणि क्रोम केलेली पोलादी रिम ओली झाली की ती पकडही जवळजवळ नाहीशी होते. अशा रिमला बाहेरून सपाट कडा नसल्यामुळे केबलचे ब्रेक नुसते वरून बसवता येत नाहीत. त्यासाठी चाकेच बदलावी लागतात आणि तुमचा अर्धा पैसा तिथे संपतो. मुळशीच्या बाजूने ताम्हिणी ओलांडल्यावर कोकणात उतरणारा रस्ता वळणांचा आहे, आणि मागे दहा-बारा किलो सामान असताना तिथे बेताच्या ब्रेकवर भरवसा ठेवायला मी कोणालाही सांगणार नाही. काळी सायकल सोडवत नसेल तर पुढच्या वर्षी ती घेऊन पठारावर हिंडा.

२६ इंची सायकल पाहायला जाताना टायरच्या बाजूवर छापलेला आकडा नीट वाचा. ‘२६’ हा एकच आकडा वेगवेगळ्या मापांवर छापलेला असतो. २६ × १⅜ या जुन्या मापाच्या रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास ५९० मिलिमीटर असतो, तर २६ × १.७५ या मापात तो ५५९ मिलिमीटर असतो. दुकानदाराने ‘सव्वीसचाच आहे’ म्हणून दिलेला टायर घरी आल्यावर बसत नाही, तो याच कारणाने. तुम्हाला १⅜ हवा आहे.

आता तपासणी. चिमट्याच्या मागे, हेडच्या नळीला (चिमट्याचा दांडा ज्यातून वर हँडलपर्यंत जातो ती आखूड नळी) जिथे फ्रेमच्या दोन नळ्या येऊन मिळतात, त्या जागी खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला बारीक सुरकुती किंवा फुगवटा जाणवला तर ती सायकल समोरून कुठे तरी आदळलेली आहे, आणि मग ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. नंतर मागच्या चाकाचा एक्सल फ्रेमच्या ज्या दोन खाचांत बसतो त्यांतल्या एकीला दोरा बांधा, तो पुढे हेडच्या नळीवरून वळवून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा, आणि सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंना दोऱ्याचे अंतर मोजा. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत असला तर फ्रेम सरळ समजावी. सीटचा दांडा आणि हँडलचा दांडा हलतो का, हे विकणाऱ्याच्या देखत पाहा. गंजून घट्ट बसलेला दांडा सोडवण्यात कधी कधी आठवडा जातो आणि त्यात फ्रेमही दुखावते. शिवाय फ्रेमवरचा क्रमांक लिहून, विकणाऱ्याची सही असलेली साधी पावती घ्या. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी घेतलेल्या सायकलीबाबत तर हे विसरूच नका.

सायकल घरी आली की सर्वांत आधी कॉटर पिना काढा. जुन्या सायकलींचे क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, एक्सलवर या पाचरीसारख्या पिनांनी अडकवलेले असतात, आणि जितक्या जुन्या सायकली मी खराब झालेल्या पाहिल्या त्यांतल्या बहुतेक इथेच खराब झालेल्या होत्या. माझ्या पहिल्या सायकलीच्या वेळी मी सगळे लक्ष रंगावर आणि सोनेरी रेघांवर दिले, कॉटरचे काम एका दुकानात सोपवले, आणि तिथे जुन्याच पिना हातोडीने ठोकून बसवल्या गेल्या. वरंध घाट चढताना डावा क्रँक खुळखुळू लागला. सायकल ढकलत मी तीन तास चाललो, आणि पुढे क्रँकचे भोकच मोठे झाल्यामुळे तो टाकून द्यावा लागला.

म्हणून हे काम घाईने करू नका. पिनेचा नट पूर्ण काढू नका; तो पिनेच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करा, म्हणजे आटे वाचतात. क्रँकच्या खाली, पिनेच्या भोवती बसेल असा जाड नळीचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवा, कारण हा आधार नसेल तर हातोडीचा प्रत्येक घाव बीबीच्या, म्हणजे क्रँकचा एक्सल फिरतो त्या बेअरिंगच्या, वाट्यांना आणि छऱ्यांना बसतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल घातलेले असावे. एक-दोन ठाम घावांत पिन निघाली नाही तर थांबा आणि कॉटर दाबून काढायचे यंत्र ज्याच्याकडे आहे अशा मेकॅनिककडे जा. नव्या पिना घेताना जुनी पिन सोबत न्या, कारण व्यास ९.५ मिलिमीटर आहे की ९, हे डोळ्यांनी कळत नाही. पिनेची उतरती बाजू एक्सलच्या खाचेवर पूर्ण टेकेल अशी कानशीने थोडी घासून घ्या. दोन्ही पिना एकमेकींच्या विरुद्ध दिशेने बसल्या पाहिजेत, नाहीतर दोन पेडल एका रेषेत येत नाहीत. पन्नास किलोमीटर चालवल्यावर पिना पुन्हा दाबून नट आवळा. नट आवळून पिन आत ओढायचा प्रयत्न मात्र करू नका. त्याने आटे तुटतात.

यानंतर ज्याला आपल्याकडे ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात ते काम, म्हणजे दोन्ही हब (चाकांचे मधले भाग), बीबी आणि हेड उघडून, डिझेलने धुऊन, नवे छर्रे व नवे ग्रीस भरणे. बहुतेक जुन्या सायकलींत पुढच्या हबला ३/१६ इंचाचे आणि मागच्या हबला व बीबीला १/४ इंचाचे छर्रे असतात, पण आपल्या सायकलीतला नमुना घेऊनच दुकानात जा. एका वाटीत जुने-नवे मिसळू नका, कारण किंचित मोठा छर्रा सगळा भार एकटा घेतो. छर्रे स्वस्त असतात; महत्त्वाचे असते ते कोन (एक्सलवरचा शंकूसारखा भाग) आणि वाटी यांचे पृष्ठ. त्यावर बॉलपेनचे टोक फिरवा, आणि ते कुठे अडखळले तर तो कोन बदला. चाक नीट बसले की व्हॉल्व्हच्या वजनाने ते आपोआप फिरून खाली येऊन थांबते, आणि बाजूने हलवले तर खडखडत नाही.

तुमच्या उरलेल्या साडेसहा हजारांपैकी सर्वांत मोठा वाटा चाकांना द्या. अॅल्युमिनियमच्या रिम मिळाल्या तर पावसातल्या ब्रेकमध्ये पडणारा फरक पहिल्याच दिवशी कळेल. मात्र जुन्या हबना पुढे ३२ आणि मागे ४० भोके असतात, तर नव्या रिम सहसा ३६ भोकांच्या येतात, म्हणून हबही सोबत बदलायची तयारी ठेवा. रिम मिळाल्याच नाहीत तर पोलादी रिम स्वच्छ करून नवे ब्रेक रबर लावा आणि पावसाळ्यात घाटात जाऊ नका. स्पोक स्टेनलेसचे घ्या. चाकाचा आउट (वाकडेपणा) काढायला जुन्या हाताच्या कारागिराकडे जा, त्याच्या शेजारी बसून पाहा, आणि तो मागेल तेवढे पैसे द्या. टायर, ट्यूब, रिमच्या आतली पट्टी, ब्रेकची केबल आणि तिचे आवरण हे सारे नवेच हवे. बाहेरून चांगला दिसणारा वीस वर्षांपूर्वीचा टायर बाजूने चिरतो. व्हॉल्व्हला रबरी नळी असेल तर तिचे तुकडे खिशात ठेवा.

चढाचे गणित सोपे आहे. पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात ही सायकल सुमारे पाच मीटर पुढे जाते, आणि सामान घेऊन घाटात ते जड पडते. मागे २२ दातांचे फ्रीव्हील (मागचे दातेरी चक्र) लावले की हेच अंतर सव्वाचार मीटरच्या आत येते. त्यासाठी साखळीत दोन कड्या वाढवाव्या लागतील. साखळी तशीही नवी घ्यावी, कारण झिजलेली साखळी नव्या दातांना खाते. तुमच्या सायकलीवर तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब निघाला तर तो काढू नका. त्यात पातळ तेलाचे काही थेंब घाला, ग्रीस भरू नका. त्याचा खालचा गिअर मूळ गतीच्या पाऊणपट असतो आणि चढाला तेवढा पुरतो.

रंगाविषयी थोडक्यात सांगतो. मूळ रंग आणि मूळ चित्रपट्ट्या एकदा खरवडल्या की परत येत नाहीत. साबणाच्या पाण्याने धुवा, क्रोमवरचा गंज ओल्या अॅल्युमिनियमच्या कागदाने घासून काढा, पितळेच्या बिल्ल्याला चिंच लावा. फ्रेमच्या नळ्यांत आतून उकळलेले जवसाचे तेल फिरवले तर गंज थांबतो, पण तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवा. मूळचे सुटे भाग कसे दिसत असत हे पाहायचे असेल तर तुमच्या घराजवळच, कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. तिथे एक सकाळ जरूर घालवा.

नोव्हेंबरात सगळे सामान लादून पौडपर्यंत जाऊन या. परत आल्यावर कॉटर, हँडल, कॅरिअर आणि दोन्ही चाकांचे नट पुन्हा आवळा, आणि पुढच्या आठवड्यात मुळशीपर्यंत जा. या दोन फेऱ्यांत जे सैल व्हायचे ते होऊन जाते. निघण्याआधी क्रँकचे आणि मागच्या चाकाचे फोटो मला पाठवा, मी पाहून कळवतो.